गंजाने जखडलेले सांधे : जुन्या मोटारगाड्यांच्या दुरुस्तीतील एक विचार

लातूर जिल्ह्यात कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले देवणी हे गाव तेथील गोवंशामुळे सर्वपरिचित आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याची रीत ह्या भागातील लोहारांना अनेक पिढ्या अवगत होती. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित आखूड ठेवावयाची, गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवावयाची, प्रसरण पावलेली धाव चाकावर चढवावयाची आणि लागलीच तिच्यावर पाणी ओतावयाचे, असा तो क्रम. थंड होताना धाव आकसते आणि चाकाचे सर्व भाग करकचून आवळले जातात. ज्या तत्त्वाने लोहार हा सांधा आवळतो, त्याच तत्त्वाने मोटारीचा गंजलेला नट सैल करता येतो. फरक एवढाच, की तेथे उष्णतेचा उपयोग बांधण्यासाठी होतो आणि येथे सोडविण्यासाठी.

बैलगाडीच्या वाटेवर पुढे जीप आली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपाने मागविल्या आणि त्यांची जुळणी करून त्या विकण्यास आरंभ केला. ह्या गाडीच्या वंशातील अनेक वाहने पुढे ग्रामीण महाराष्ट्रात प्रवासी, बाजारचा माल आणि खताची पोती वाहू लागली. कुर्ला येथे १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट, जिला १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले ती अँबॅसडर, ह्यादेखील जुन्या गाड्यांच्या वर्गात मोडतात. अशा गाडीचा एखादा भाग बदलण्याचे काम कागदावर सोपे दिसते. चार नट काढावे, जुना भाग उतरवावा, नवा बसवावा. परंतु नट फिरतच नाहीत असे आढळले, म्हणजे अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांचे होते. आणि घाईने जोर केल्यास बोल्ट ओतीव आवरणाच्या आत तुटून बसतो. उत्पादन बंद पडलेल्या गाडीच्या बाबतीत ते आवरण पुन्हा मिळेलच असे नाही. एका बोल्टपायी संपूर्ण गाडी, आणि तिच्यावर चालणारे एखाद्या कुटुंबाचे पोट, अडून राहू शकते. म्हणून जखडलेला सांधा कशाने जखडतो, आणि तो सुटेल की तुटेल हे कशावर अवलंबून असते, ह्या दोन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

१. सांधा का जखडतो

लोखंड गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया होय, हे मत डब्ल्यू. आर. व्हिटनी ह्यांनी १९०३ मध्ये स्पष्टपणे मांडले. धातूच्या एकाच पृष्ठावर काही ठिकाणे ॲनोडप्रमाणे वागतात, तेथे लोखंड विरघळते. काही ठिकाणे कॅथोडप्रमाणे वागतात, तेथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरला जातो. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे पाण्याचा पातळ थर. केंब्रिज येथील यू. आर. इव्हान्स ह्यांनी १९२०-३० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. जेथे ऑक्सिजन भरपूर पोहोचतो तेथे नव्हे, तर जेथे तो कमी पोहोचतो तेथे लोखंड अधिक झिजते. पाण्याच्या थेंबाच्या कडेशी हवा सहज पोहोचते, मध्यभागी पोहोचत नाही. आणि खड्डा पडतो तो मध्यभागी.

नट आणि बोल्ट ह्यांच्या आट्यांमधील फट ही अशीच हवेला दुर्मिळ जागा आहे. बाहेरील पृष्ठ कॅथोड बनते आणि फटीच्या आतील धातू ॲनोड बनून झिजतो. ह्या झिजेतून निर्माण होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. गंजाच्या रासायनिक प्रकारानुसार हे प्रमाण दुपटीपासून सुमारे चौपटीपर्यंत जाते आणि गंजाची सच्छिद्रता धरल्यास त्याहूनही वाढते. उघड्या पत्र्यावर हा गंज पोपडे होऊन गळून पडतो. आट्यांमध्ये त्याला गळून पडावयास वाव नसतो. तो फट गच्च भरतो आणि दोन्ही पृष्ठांवर दाब आणतो. जखडणे ते हेच. गंज येथे पाचरीचे काम करतो.

२. काळ्या मातीचा वाटा

समुद्रकाठच्या गाड्यांना खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइडांचा उपद्रव होतो, हे सर्वज्ञात आहे. देवणी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील हवा वर्षाचे बरेच महिने कोरडी असते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असताना स्वच्छ लोखंडाचे गंजणे अत्यंत मंद असते. मग ह्या भागातील जुन्या गाड्यांच्या तळाचे सांधे का जखडतात?

ह्याचे उत्तर पुष्कळ अंशी जमिनीत आहे. बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती विपुल असते. ती पाणी शोषून फुगते आणि ते दीर्घकाळ धरून ठेवते. पावसाळ्यात शेतवाटेने जाणाऱ्या गाडीच्या पाट्यांच्या थरांत, शॅकलच्या सांध्यांत, ब्रेकच्या पाठपत्र्यामागे आणि चेसिसच्या कोपऱ्यांत ही माती थापली जाते. वरून ती सुकलेली दिसली, तरी धातूला चिकटलेला आतील थर ओला राहतो. वैद्याने जखमेवर पोटीस बांधावे, तशी ही माती लोखंडावर बसते. हवेत आर्द्रता नसली तरी लोखंडापुरता पावसाळा चालूच राहतो. माती हवेला अटकाव करीत असल्याने इव्हान्स ह्यांनी दाखविलेला ऑक्सिजनचा विषम पुरवठाही तेथे आपोआप सिद्ध होतो. खताच्या पोत्यांतून सांडलेले दाणे ह्यात भर घालतात. युरियासारखे खत आर्द्रता विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली की हवेतून पाणी खेचून घेते, आणि अनेक खतांतील क्षार त्या पाण्याची विद्युत्-वाहकता वाढवितात.

ह्यावरून दुरुस्तीचा पहिला नियम निघतो. पाना हाती घेण्यापूर्वी माती पूर्णपणे काढली पाहिजे. केवळ स्वच्छतेसाठी नव्हे. मातीचा थर शिल्लक असताना ओतलेले तेल आट्यांत न जाता मातीतच मुरते.

३. दोन राशींची शर्यत

पान्याच्या टोकावरील जोर आणि पान्याची लांबी ह्यांच्या गुणाकारास परिबल म्हणतात. नव्या, कोरड्या बोल्टवर नट आवळताना लावलेल्या परिबलापैकी साधारणतः निम्मे नटाच्या बुडाखालील घर्षणात आणि सुमारे चार-दशांश आट्यांतील घर्षणात खर्ची पडते. बोल्टला प्रत्यक्ष ताण देण्यासाठी उरते ते अवघे एक-दशांश. सांध्याचा कारभार घर्षणावर चालतो तो असा. साहजिकच गंजामुळे घर्षण वाढले, की नट सोडविण्यास लागणारे परिबल मूळ आवळण्याच्या परिबलाच्या कितीतरी पुढे जाते.

त्याच वेळी दुसरी राशी खाली येत असते. गोल दांडा पिळून तोडण्यास लागणारे परिबल त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. गंजाने बोल्टचा व्यास १० टक्क्यांनी घटला, तर त्याची पीळ सोसण्याची शक्ती २७ टक्क्यांनी घटते. व्यास २० टक्क्यांनी घटला, तर ती जवळजवळ निम्मी होते. म्हणजे सोडविण्यासाठी लागणारे परिबल वर चढत आहे आणि बोल्टला सोसवणारे परिबल खाली उतरत आहे. पहिले दुसऱ्याहून कमी असेल तोवर नट फिरेल. अधिक झाले की बोल्ट तुटेल.

पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून लांबी दुप्पट करण्याचा उपाय सर्वत्र रूढ आहे. त्याने हाताला लागणारा जोर निम्मा होतो, परंतु उपरोक्त दोन राशींपैकी एकीतही तिळमात्र बदल होत नाही. उलट, बोल्ट तुटण्यापूर्वी हाताला जाणवणारा 'लिबलिबीतपणा' लांब दांड्यामुळे नीट कळत नाही. सोडविण्याच्या खऱ्या पद्धती त्याच, ज्या आवश्यक परिबल कमी करतात.

अडलेला प्रत्येक भाग गंजानेच अडलेला असतो असेही नाही. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असत. हे ठाऊक नसलेला माणूस सोडविण्याच्या समजुतीने नट आवळीत राहतो आणि दोष गंजाला देतो. ब्रेकचा ड्रम निघत नसेल, तर झिजलेल्या ड्रमच्या कडेला उरलेल्या ओठात ब्रेक-शू अडकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी समायोजक सैल करणे हा उपाय, घण हा नव्हे.

४. आवश्यक परिबल कमी करण्याचे मार्ग

पहिला मार्ग भिजविण्याचा. रॉकेल, डिझेल किंवा बाजारातील भेदक तेल आट्यांत शिरते ते केशाकर्षणाने. अरुंद फटीत द्रव किती खोल जातो, ह्याचे गणित ई. डब्ल्यू. वॉशबर्न ह्यांनी १९२१ मध्ये मांडले. त्यानुसार खोली ही काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एका तासात तेल २ मि.मी. आत गेले असेल, तर ४ मि.मी. जाण्यास चार तास आणि ६ मि.मी. जाण्यास नऊ तास लागतील. गंजाने भरलेली फट आदर्श नळीसारखी नसते, तरीही ह्या नियमाची दिशा खरी ठरते. आदल्या सायंकाळी तेल घालून सकाळी काम करावे, ही मिस्त्रींची रीत म्हणजे आळस नव्हे. ते वर्गमुळाचे व्यवहारातील रूप आहे. तेल दोन्ही टोकांकडून घातल्यास प्रत्येक बाजूने निम्मेच अंतर तोडावे लागते आणि वेळ एक-चतुर्थांश होतो. श्यानता कमी असलेला द्रव लवकर आत जातो. म्हणूनच इंजिनाच्या दाट तेलापेक्षा रॉकेल ह्या कामी सरस ठरते.

दुसरा मार्ग आघाताचा. गंज दाब सोसतो, परंतु तो ठिसूळ असतो. बोल्टच्या माथ्यावर अक्षाच्या दिशेने मारलेले नेमके ठोके, अथवा नटाच्या एका बाजूस जड घण टेकवून विरुद्ध बाजूस हातोडीने मारलेले ठोके, गंजाच्या थरास सूक्ष्म तडे पाडतात. त्या तड्यांतून तेलाला नवी वाट मिळते. म्हणून ठोके आणि तेल ह्यांचा क्रम आलटून पालटून ठेवावा. तद्वतच नट प्रथम किंचित आवळून मग सोडविल्यास गंजाचा बंध पुष्कळदा मोडतो. एकदा हलला, की तो सलग काढण्याचा मोह टाळावा. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, असे करीत गेल्यास सुटलेली गंजाची भुकटी आट्यांत दाटून बसत नाही.

तिसरा मार्ग उष्णतेचा. हाच तो धावेचा न्याय. पोलादाचा प्रसरणांक प्रति अंश सेल्सिअस सुमारे एक लक्षांशाच्या १.२ पट आहे. १२ मि.मी. छिद्राचा नट ३०० अंशांनी तापविला, तर छिद्र सुमारे ०.०४ मि.मी. इतके रुंदावते. हे माप क्षुल्लक वाटते, परंतु गंजाने भरलेल्या फटीच्या मानाने ते पुरेसे असते. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की लाभ होतो तो तापमानातील फरकाचा. नट झपाट्याने तापवावा, बोल्ट तापण्यापूर्वी पाना लावावा. सावकाश तापविल्यास दोन्ही सारखेच प्रसरण पावतात आणि श्रम व्यर्थ जातात. अॅल्युमिनियमच्या आवरणात पोलादी बोल्ट असेल, तर स्थिती वेगळी असते. अॅल्युमिनियमचा प्रसरणांक पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने दोन्ही सारखे तापले तरी फट रुंदावते. तापलेल्या नटाच्या कडेस मेण लावल्यास ते वितळून आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते.

उष्णतेचे धोकेही तितकेच खरे आहेत. पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या, ब्रेकचे रबरी होज आणि शॉक-अॅब्सॉर्बर ह्यांच्या जवळ ज्योत नेता कामा नये. भेदक तेलाने भिजलेल्या सांध्यावर ज्योत धरली, तर ते तेल पेटते. आधी पुसून घेणे आवश्यक आहे. जस्ताचा मुलामा असलेला नट तापविल्यास निघणारा धूर आरोग्यास अपायकारक असतो. आणि पाणी दिलेले पोलाद लाल होईपर्यंत तापले, की त्याचे पाणी उतरते. असा बोल्ट सुटला तरी तो पुन्हा वापरण्यास अपात्र झाला, असेच समजावे.

चौथा मार्ग प्रयोगशाळेच्या अधिक जवळचा आहे. सुटा काढता येणारा भाग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात ठेवून, त्याला बॅटरी चार्जरच्या ऋण टोकास आणि लोखंडाच्या टाकाऊ पत्र्यास धन टोकास जोडल्यास गंजणे थांबते आणि गंजाचा काही अंश क्षपण पावून सुटा होतो. ह्यात हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्या हवेत करावे. स्टेनलेस पत्रा वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे निर्माण होतात. अतिकठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होत असल्याने स्प्रिंगांसाठी ही पद्धत योग्य नव्हे.

५. जाणूनबुजून तोडणे

सर्व उपाय थकल्यावर उरतो तो तोडण्याचा निर्णय. परंतु चुकून तुटणे आणि ठरवून तोडणे ह्यांत मोठे अंतर आहे. चुकून तुटणारा बोल्ट बहुधा सर्वांत गैरसोयीच्या जागी तुटतो. ठरवून तोडताना बळी कोणाचा द्यावयाचा हे आधीच निश्चित करता येते. बदलण्यास सर्वांत सोपा भाग नट असतो. त्याच्या एका सपाट बाजूस आट्यांच्या जवळ येईपर्यंत कापून छिन्नीने ती चीर रुंद केली, की नट उमलतो आणि स्टड वाचतो. बोल्ट आतच तुटला असेल, तर उरलेल्या बुंध्यावर नवा नट वेल्डिंगने जोडणे हा उत्तम उपाय होय. त्याने पकडही मिळते आणि उष्णताही. बुंध्याला भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा काढणी-पेच घालण्याची पद्धत प्रचलित आहे, पण हा पेच अतिशय कठीण व ठिसूळ पोलादाचा असतो. तो आत तुटला, तर साध्या ड्रिलने त्याला भोकही पडत नाही आणि मूळ संकट दुणावते.

काही भागांच्या बाबतीत वाचविण्याचा विचारच करू नये. गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या, खड्डे पडलेले व्हील सिलिंडर, पाटे बांधणारे यू-बोल्ट आणि स्टिअरिंगच्या सांध्यांतील कॉटर पिना ह्या सुटल्या तरी नव्याच घालाव्या. जुन्या ब्रेक-शूंच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. तसेच लांब दांड्याने जोर लावण्याचे काम केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरून करणे प्राणघातक ठरू शकते. गाडीस भक्कम ठोकळ्यांचा आधार असलाच पाहिजे.

६. नवा भाग बसविताना

जुना भाग सुटला म्हणजे काम संपले, ही समजूत चुकीची आहे. पुढील जखडण्याची बीजे पुष्कळदा नवा बोल्ट बसवितानाच पेरली जातात. विलीज जीपचे आटे इंचाच्या मापाचे, तर फियाटचे मेट्रिक. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ह्यांनी १९४८ मध्ये इंची आट्यांचे एकीकरण केले, परंतु इंच आणि मिलिमीटर ह्यांची दरी कायम राहिली. ५/१६ इंची बोल्टचा व्यास ७.९४ मि.मी. भरतो. डोळ्यांना तो ८ मि.मी. बोल्टहून वेगळा दिसत नाही. परंतु पहिल्याच्या बारीक आट्यांतील अंतर १.०६ मि.मी., तर दुसऱ्याच्या नेहमीच्या आट्यांतील अंतर १.२५ मि.मी. असते. असा बोल्ट एकदोन फेरे जातो आणि अडतो. मग पान्याच्या जोराने तो पुढे रेटला जातो व दोहोंचे आटे कायमचे बिघडतात. पान्यांच्या बाबतीतही तेच. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मि.मी. रुंद असतो, त्यावर १३ मि.मी.चा पाना बसतो खरा, पण ती ०.३ मि.मी.ची ढिलाई नटाचे कोपरे गोल करण्यास पुरते. गंजलेल्या नटावर तर योग्य मापाचा, सहाही बाजूंनी धरणारा पानाच वापरावा.

आटे टॅप व डायने स्वच्छ करून, त्यांवर ग्रीस किंवा ग्राफाइट-तांब्याचे जखडरोधक वंगण लावल्यास पुढच्या वेळी काम सुकर होते. मात्र वंगणाने घर्षण घटते, आणि वर सांगितल्याप्रमाणे परिबलाचा बहुतांश घर्षणातच जात असल्याने, त्याच परिबलाने आता बोल्टवर पुष्कळ अधिक ताण येतो. म्हणून वंगण लावलेला बोल्ट कोरड्या बोल्टसाठी दिलेल्या परिबलापेक्षा कमी आवळावा. आणि चाकांचे नट उत्पादकाने सांगितले असेल त्याच स्थितीत, बहुधा कोरडेच, ठेवावे. शॅकलच्या पिनांत पावसाळ्यापूर्वी व नंतर ग्रीस भरणे आणि शेतवाटेवरून आल्यावर गाडीचा तळ धुणे, ह्या दोन साध्या सवयींनी काळ्या मातीचा पुष्कळसा उपद्रव टळतो.

तात्पर्य, जखडलेला सांधा हा बळाचा प्रश्न दिसत असला तरी वस्तुतः तो क्रमाचा आणि वेळेचा प्रश्न आहे. माती काढणे, तेलास अवधी देणे, ठोके, उष्णता, आणि शेवटी विचारपूर्वक तोडणे, ह्यांतील प्रत्येक पायरी आवश्यक परिबल आणि सोसवणारे परिबल ह्यांतील अंतर आपल्या बाजूस वळविते. नोंदणीस १५ वर्षे झालेल्या खाजगी गाडीस पुढील नोंदणीसाठी तपासणीस सामोरे जावे लागते. त्या तपासणीत गाडी टिकेल की भंगारात जाईल, हे बहुधा इंजिनाइतकेच अशा दुर्लक्षित सांध्यांवर ठरते. धाव चढविताना लोहार आगीपुढे घाई करीत नाही, पण लोखंड लाल झाल्यावर क्षणभरही थांबत नाही. गंजलेल्या नटापुढे उभ्या असलेल्या कारागिरासही हेच दोन गुण लागतात.